डिंक जरा कमी लावा : मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक, आणि विशेषकरून त्या कंपन्यांत फोनची रचना ठरवणारे अभियंते यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही जे फोन बंद करता, ते मी उघडतो. गेली सतरा वर्षं माझा हाच धंदा आहे. आपली ओळख नाही, पण तुमचं काम मी रोज आतून बघतो आणि पुष्कळदा थक्क होतो. खसखशीच्या दाण्याहून बारीक कपॅसिटर, करंगळीच्या नखावर मावणारा कॅमेरा, कागदाची घडी घालावी तशा दुमडून बसवलेल्या फ्लेक्स पट्ट्या, म्हणजे वायरींचं काम करणाऱ्या लवचिक पट्ट्या. हे जमवणाऱ्या माणसांना अक्कल शिकवायची माझी लायकी नाही. तरी चार गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या तुमच्या टेबलावर दिसत नाहीत, माझ्या टेबलावर दिसतात.

काही महिन्यांपूर्वी एक शिक्षिका फोन घेऊन आल्या. चार वर्षांचा, इतका जपून वापरलेला की काचेवर ओरखडा नव्हता. तक्रार एवढीच, की डिस्प्लेची एक कड वर आली आहे आणि फटीतून उजेड दिसतो. फोन न उघडताच कळलं, बॅटरी फुगली आहे. लिथियम बॅटरी थकली की आत वायू धरते. त्याला बाहेर पडायला वाट नसते, मग ती उशीसारखी फुगते आणि वरचा डिस्प्लेच उचलते. इलाज काय? जुनी काढायची, नवी घालायची. टॉर्चमधले सेल बदलण्यात जेवढी विद्या लागते, तेवढीच खरं तर इथे लागायला हवी.

प्रत्यक्षात काय करावं लागतं ते सांगतो. मागची काच डिंकाने चिकटवलेली. ती हीट गनने साधारण ऐंशी अंशांपर्यंत तापवायची, पण खालच्या फुगलेल्या बॅटरीला झळ लागू द्यायची नाही. (हे वाक्य लिहायला सोपं आहे.) सक्शन कप लावून ओढायचं. केसाएवढी फट पडली की प्लास्टिकची पिक (पातळ, चपटी पट्टी) सरकवायची आणि कडेकडेने फिरवत न्यायची. वाटेत एखादी फ्लेक्स आडवी गेलेली असते. ती नेमकी कुठे आहे हे त्या मॉडेलचा एखादा मेलेला फोन आधी फाडून पाहिला असेल तरच ठाऊक असतं. काच सुटली. आत बॅटरी, तीही डिंकावर. ओढून काढायच्या दोन पट्ट्या तुम्ही दिल्या होत्या, त्यातली दुसरी अर्ध्यात तुटली. त्या नेहमी अर्ध्यातच तुटतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, पातळ पात्याने हळूहळू उचका. बॅटरी वाकू द्यायची नाही, भोक पडलं तर पेट घेते. माझं सगळं लक्ष तिच्यावर होतं आणि पात्याचा जोर कुठे पडतोय याचा विसर पडला. बॅटरीखाली पातळ चौकट, चौकटीपलीकडे डिस्प्ले. बारीकसा आवाज झाला. फोन लावून पाहिला तर पडद्यावर खालपासून वरपर्यंत एक हिरवी रेघ, आणि शेजारी शाई सांडल्यासारखा काळा डाग.

चूक माझी. तसं बाईंना सांगितलं, मजुरी घेतली नाही, डिस्प्लेचा अर्धा खर्च उचलायचीही तयारी दाखवली. पण सतरा वर्षांच्या सवयीच्या हाताकडून साधी बॅटरी बदलताना डिस्प्ले जात असेल, तर खापर एकट्या हातावर फोडता येत नाही. बाईंनी डिस्प्लेचा खर्च विचारला, नव्या फोनची किंमत पाहिली, दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि नवा फोन घेतला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. जुना फोन, डेटा पुसून, त्यांनी माझ्याकडेच ठेवला. या पत्रात तो पुन्हा येणार आहे.

आता तुमच्याच कागदांकडे येतो. तुमच्यातल्या मोठ्या कंपन्या हल्ली मॉडेलवार पर्यावरण अहवाल काढतात. ते मी वाचतो, कारण माझ्या धंद्याचं समर्थन मला दुसरीकडे कुठे इतकं सरळ लिहिलेलं सापडलेलं नाही. त्या अहवालांत एका स्मार्टफोनचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब बहुतेकदा ५० ते ८० किलो कार्बन डायऑक्साइडच्या घरात येतो, आणि त्यातला सुमारे ८० टक्के वाटा एकट्या उत्पादनाचा असतो. म्हणजे फोनची पेटी फोडण्याआधीच, पडदा एकदाही न उजळता, त्याने करायचं ते बहुतेक करून ठेवलेलं असतं.

दोनशे ग्रॅमच्या वस्तूमागे इतके किलो कुठून येतात? वाहतुकीतून, असं बहुतेकांना वाटतं. तिचा वाटा असतो, पण तो लहान. मोठा वाटा चिपचा. सिलिकॉनची चकती कारखान्यात दोन-तीन महिने फिरत असते. शेकडो पायऱ्या, कित्येक पायऱ्यांनंतर अतिशुद्ध पाण्याने धुणं, धूळ येऊ नये म्हणून रात्रंदिवस गाळून खेळवलेली हवा, आणि हे सगळं चालवायला लागणारी वीज. शिवाय चकतीवरच्या कोरीव कामासाठी आणि यंत्रांचे आतले कप्पे साफ करायला नायट्रोजन ट्रायफ्लोराइड किंवा सल्फर हेक्साफ्लोराइड यांसारखे वायू लागतात. त्यांचा एक किलो हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो किलोंइतकी उष्णता अडवून धरतो. त्यानंतर धातू. बॅटरीतलं कोबाल्ट, ज्याचा जगातला निम्म्याहून बराच जास्त माल एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या खाणींतून निघतो. कपॅसिटरमधलं टँटलम. स्पीकरच्या चुंबकातलं निओडिमियम. पडद्यावर बोट कुठे टेकलं ते ओळखणाऱ्या अदृश्य थरातलं इंडियम. जुन्या फोनच्या व्हायब्रेटरमध्ये टंगस्टनचा एक अर्धगोल तुकडा असायचा. वाटाण्याएवढा, पण हातात घेतला की दचकायला व्हायचं इतका जड. फोन थरथरावा म्हणून कुठेतरी डोंगर फोडला जातो, हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या तुकड्यामुळे.

या बाजूला वापराचा हिशेब मांडून बघा. चार हजार एमएएचची बॅटरी रोज रिकामी होऊन रोज पूर्ण भरली, तर वर्षभरात साडेपाच युनिट वीज तिच्यात जाते. चार्जरमध्ये वाया जाते ती धरून सात म्हणू. हजार वॅटची इस्त्री सात तास चालली की तेवढी वीज संपते. वर्षभराच्या चार्जिंगला इस्त्रीचे सात तास! (टॉवर आणि डेटा सेंटर यांची वीज वेगळी. तो हिशेब मोठा आहे, पण तो तुमच्याकडे मागण्यात अर्थ नाही.) तरी पर्यावरण दिन आला की उपदेश कुणाला? गिऱ्हाइकाला. चार्जर भिंतीत खोचून ठेवू नका, पडद्याचा उजेड कमी करा, डार्क मोड लावा. हे उपदेश खोटे नाहीत. पण चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. ओझं पहिल्या दिवशीच तयार झालेलं आहे, वापरणाऱ्याच्या हाती एवढंच उरतं की ते किती वर्षांत वाटून टाकायचं. बनवण्यातच ५० किलो खर्ची पडलेला फोन दोन वर्षांत टाकला तर वर्षाला २५ किलो, पाच वर्षं वापरला तर १०. या भागाकारातला खालचा आकडा वाढवणं, हा मोबाइलचा पर्यावरणावरचा भार कमी करण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे. आणि तो आकडा गिऱ्हाइकापेक्षा तुम्ही ठरवता. किती डिंक लावायचा, कुठला भाग वेगळा विकायचा, अपडेट कधी थांबवायचे, या तीन ठिकाणी तो ठरतो.

डिंकापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या बोटांना तोच चिकटलेला आहे.

तुमचं उत्तर मला पाठ आहे : डिंक नसेल तर फोन पाण्यात टिकत नाही आणि पातळ होत नाही. पातळपणाबद्दल मी काही बोलत नाही. पातळ फोन विकत घेऊन लगेच त्याला जाड कव्हर घालणारी माणसं रोज समोर येतात, त्यांना काय हवं आहे ते त्यांनाच विचारा. पाण्याचं मात्र तपासून बघू. २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस५ आठवतो का? मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी दोन बोटांनी बाहेर यायची, आणि तरी त्याला आयपी६७ मानांकन होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. झाकणाच्या आतून रबराची एक बारीक कड होती, बस्स. चार्जिंगच्या भोकाला वेगळं बूच लावावं लागायचं आणि ते लोक विसरायचे, हे कबूल. पण ती सोडवता येण्यासारखी अडचण होती. पुढे बूच लागणार नाही असे पोर्ट तुम्ही बनवलेत. नखाने निघणारं झाकण मात्र त्या सुधारणेच्या वाटेवर कुठेतरी सांडलं.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी नवे रचना-नियम लागू केले. बॅटरी निदान ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राखून असली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. बॅटरी घरच्या घरी बदलता यावी अशीही अट आहे, पण तिला एक पळवाट ठेवली आहे : बॅटरी हजार चार्जिंग-चक्रांनंतरही ८० टक्के टिकत असेल आणि फोन पाण्यातही टिकत असेल, तर ती वापरणाऱ्याला काढता नाही आली तरी चालेल. तुमच्यातले बहुतेक जण कुठल्या दारातून आत शिरतील ते सांगायला ज्योतिषी नको. हजार चक्रांची बॅटरी चांगलीच, मला आनंदच आहे. पण हजार चक्रं म्हणजे रोज चार्ज करणाऱ्याची पावणेतीन वर्षं. त्यानंतर पुन्हा हीट गन.

बरं, हा डिंक फक्त मलाच नडतो असं नाही. तुमच्यापैकी एकीने आपले जुने फोन सोडवायला एक यंत्रमानवच तयार केला. डेझी त्याचं नाव, ॲपलचा तो. तासाला दोनशे फोन सोडवू शकतो. तो फोनमधल्या बॅटऱ्या कशा काढतो माहीत आहे? उणे ८० अंशांच्या हवेचा झोत मारून. मी अधिक ऐंशी अंशांनी प्रयत्न करतो, तुमचा यंत्रमानव उणे ऐंशी अंशांनी, आणि मध्ये तोच डिंक. एकाच कंपनीत एक टेबल चिकटवतं आणि दुसरं टेबल ते सोडवायचं यंत्र शोधतं. या दोन टेबलांची कधी गाठ पडते का?

यावर कुणीतरी म्हणेल, दुरुस्ती नाही झाली तर नाही, पुनर्वापर आहेच की. इथे जरा थांबतो, कारण या शब्दाने बरीच मनं निर्धास्त होतात. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा करून प्रक्रिया झाल्याची नोंद असलेला फक्त २२.३ टक्के. त्याच वर्षी युरोपातल्या ई-कचरा संस्थांच्या मंचाने अंदाज बांधला, की वर्षभरात ५३० कोटी फोन वापरातून बाद होतील. ते एकावर एक आडवे रचले तर चळत ५० हजार किलोमीटर उंच जाईल. आणि यातले कितीतरी फोन कचऱ्यातसुद्धा जात नाहीत. घरातल्या खणात जातात, जुने चार्जर, मेलेले सेल आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या यांच्या सोबतीला.

जे कारखान्यापर्यंत पोचतात त्यांचं काय होतं? भट्टीत तांबं, सोनं, चांदी, पॅलेडियम निघतं. ते निघतं कारण त्याला भाव आहे. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून घडवली, त्यासाठी ६२ लाखांवर फोन जमा झाले होते, आणि सगळ्या उपकरणांतून मिळून ३२ किलो सोनं निघालं. सुंदर काम झालं, नाकारत नाही. पण निओडिमियम, टँटलम, इंडियम यांसारखे ज्यांची फोनमधली मात्रा चिमूटभर ते धातू बहुतेक भट्टीतल्या टाकाऊ मळीबरोबर जातात. निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंच्या जगाच्या गरजेपैकी जेमतेम एक टक्का ई-कचऱ्यातून भागते, हेही संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अहवालात आहे. आणि चिप? ती घडवायला जे पाणी, जी वीज, जे वायू गेले, त्यातलं काहीएक परत येत नाही. चालू चिप वितळवून तिच्यातलं सोनं काढणं म्हणजे वाडा जाळून खिळे गोळा करणं. फोन खरोखर मेला असेल तरच ते शोभतं.

आता बाईंच्या फोनकडे. त्याच मॉडेलचा एक फोन पंधरा दिवसांनी माझ्याकडे आला, पाण्यात पडून आतला मुख्य सर्किट बोर्ड गेलेला. डिस्प्ले शाबूत, कारखान्याचाच. मालकाने भंगारात म्हणून दिला. मी त्याचा डिस्प्ले काढला, बाईंच्या फोनला बसवला, नवी बॅटरी घातली. बटण दाबलं. पडदा झकास उजळला, आणि पहिल्याच मिनिटाला सूचना आली की हा डिस्प्ले ओळखता आलेला नाही. पडद्याखालचा बोटाचा ठसा चालेना. उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलायचे, तेही बंद. ते जुळवायचं सॉफ्टवेअर फक्त तुमच्या अधिकृत केंद्रात, आणि अधिकृत केंद्र वापरलेला डिस्प्ले बसवून देत नाही.

अहो, तुमच्याच कारखान्यातला, त्याच मॉडेलचा भाग. तुम्ही नाही ओळखायचा तर कुणी?

यामागचं कारणही मला ठाऊक आहे : चोरीचे फोन तोडून भाग विकले जातात, आणि ठशाचा सेन्सर कुणीही बदलू शकलं तर कुलूप कसलं. सेन्सरपुरतं मला हे पटतं. पण काच, बॅटरी, चार्जिंगचा बोर्ड यांचा चोरीशी संबंध लावायचा असेल, तर ज्या फोनची चोरीची नोंद आहे त्याचेच भाग अडवा. हे करता येत नाही असं म्हणू नका. ॲपलने २०२४ मध्ये आयफोन १५ पासूनच्या फोनसाठी नेमकं असंच धोरण जाहीर केलं : वापरलेला अस्सल भाग बसवला तर तो फोनमध्येच जुळवून घेता येईल, आणि मालकाने कुलूपबंद केलेल्या फोनमधला भाग असेल तर जुळणार नाही. त्याआधी अनेक वर्षं हेच करू दिलं जात नव्हतं. मध्यंतरी घडलं एवढंच, की अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने २०२४ च्या मार्चमध्ये अशा अडवणुकीवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याचं नुसतं पाऊल वाजलं की तंत्रज्ञान किती भराभर पुढे जातं, नाही?

ॲपलचं नाव दोनदा आलं, तिसऱ्यांदाही घेतो, कारण या पुढच्या गोष्टीइतका स्पष्ट कबुलीजबाब मला दुसरा माहीत नाही. २०१७ च्या डिसेंबरात त्या कंपनीने मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअर मुद्दाम कमी करतं, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. तांत्रिक कारण खरं होतं. थकलेल्या बॅटरीकडून एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज कोसळतो आणि फोन मान टाकतो. पण हे लोकांना सांगितलं नव्हतं. लोक समजले, फोन म्हातारा झाला. फ्रान्सने पुढे २०२० मध्ये यासाठी अडीच कोटी युरोंचा दंड केला. तो सोडा, अशा कंपनीला तो चहापाण्याचा खर्च. मजा त्याआधीची आहे. माफी म्हणून कंपनीने २०१८ मध्ये वर्षभर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. लोकांनी रांगा लावल्या. आणि २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे मुख्याधिकारी टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून मिळकत अपेक्षेपेक्षा कमी राहणार असल्याचं कळवलं. मोठं कारण चीनमधली मंदावलेली बाजारपेठ, पण कारणांच्या यादीत हेही होतं, की स्वस्तात बॅटरी बदलून मिळाल्यामुळे काही गिऱ्हाइकांनी नवा फोन घेतला नाही.

ते पत्र मी छापून टेबलासमोर लावलं आहे. एका बॅटरीने एक फोन कसा वाचतो हे मी सतरा वर्षं तोंडाने सांगत होतो. ते लेखी द्यायला जगातल्या सगळ्यांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीचा मुख्याधिकारी लागला, आणि त्याने ते वाईट बातमी म्हणून दिलं.

चार्जरबद्दल दोनच ओळी. २०२० च्या ऑक्टोबरात पर्यावरणाच्या नावाने ॲपलच्या पेटीतून चार्जर गेला, मग बाकीच्यांनीही तो काढला. निर्णय तत्त्वतः बरोबर, घराघरांत चार्जरचे ढीग आहेत. पण त्याच पेटीत जी केबल दिली तिचं टोक यूएसबी-सीचं, आणि लोकांच्या घरातले बहुतेक जुने चार्जर चौकोनी भोकाचे. म्हणजे जुना वापरा म्हणायचं आणि जुन्यात न बसणारी वायर हातात ठेवायची. युरोपात २०२४ च्या डिसेंबरअखेरपासून नव्या फोनना सगळीकडे एकच यूएसबी-सी भोक सक्तीचं झालं, तेव्हा निदान फोनच्या बाजूचा तमाशा आवरला.

सॉफ्टवेअरवर मात्र जास्त बोलायला हवं, कारण तिथे माझं पातं चालत नाही. फोन ठणठणीत असतो, बॅटरी नवी, पडदा स्वच्छ, आणि एक दिवस बँकेचं ॲप म्हणतं, तुमची प्रणाली जुनी आहे. सुरक्षा अपडेट बंद झालेला फोन वापरा असं मीही कुणाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. ही मला अलीकडच्या काळातली सगळ्यांत चांगली बातमी वाटते, कुठल्याही हिरव्या पुठ्ठ्याच्या पेटीपेक्षा चांगली. पण ही सात वर्षं महागड्या फोनची आहेत. जगात खपतात ते बहुतेक फोन स्वस्तातले, आणि त्यांच्या वाट्याला अनेकदा दोन-तीन वर्षांचे अपडेट, तेही रडतखडत. स्वस्त फोनमधलं कोबाल्ट काय झाडाला लागतं? ज्याला दर तीन वर्षांनी नवा फोन परवडत नाही, त्यालाच तीन वर्षांचा फोन विकायचा, यातला हिशेब मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेला नाही.

चिपवाली कंपनी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, देणं थांबवते, आम्ही काय करणार, असं तुम्ही म्हणता. फेअरफोन ही तुमच्या मानाने चिमुकली डच कंपनी. तिने २०१५ मध्ये आणलेल्या फेअरफोन २ ला २०२३ पर्यंत अपडेट दिले, चिपवाल्यांनी पाठ फिरवल्यावरही. मूठभर माणसांनी केलं. तुमच्याकडे तर माणसांचे मजलेच्या मजले आहेत.

आमच्या बाजूचं झाकून ठेवत नाही. माझ्या धंद्यात नकली बॅटरी सर्रास चालते. लेबलवर पाच हजार एमएएच आणि आत त्याच्या निम्मं. फुगलेली बॅटरी ओल्या कचऱ्यात टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि कचऱ्याच्या गाडीत तिच्यावर दाब पडला की आग लागते. गिऱ्हाईकही काही साधुसंत नाही. चालता फोन फक्त कॅमेऱ्याच्या एका जास्तीच्या भिंगासाठी बदलणारे येतात, आणि जुन्याचं काय करू विचारलं तर खांदे उडवतात. पण नकली बॅटरी चालते, कारण अस्सल बॅटरी तुम्ही आमच्यासारख्यांना सहसा विकत नाही. ती विका, नफा ठेवून विका, नकली माल आपोआप कमी होईल. सर्किट बोर्डाचे नकाशेही द्या. आज आम्ही ते कुठून कुठून मिळवतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. ती लपाछपी संपवू.

आणखी एक मागतो, त्याला खर्च शाईचा. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, तशी फोनच्या पेटीवर दर्शनी बाजूला तारीख छापा : या फोनला सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत, सुटे भाग अमुक सालापर्यंत. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वर्षं फोनच्या किमतीशेजारी दुरुस्ती-सुलभतेचे दहापैकी गुण छापावे लागत होते, आणि त्याने कुणाचं दिवाळं वाजलेलं नाही. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल जितक्या मोठ्या अक्षरात लिहिता त्याच्या निम्म्या अक्षरात ही तारीख लिहा. आणि ती उलटली की फोनच्या सॉफ्टवेअरचं कुलूप तरी काढून द्या. पुढचं पोरं बघून घेतील. जुन्या फोनवर नवी प्रणाली चढवणारी हौशी मंडळी जगभर आहेत, ती तुमच्याकडे पगार मागत नाहीत.

डिंकाबद्दल मागणी शीर्षकातच लिहिली आहे. अगदी काढू नका म्हणा हवं तर. पण पुढचा फोन कागदावर उतरवताना एक प्रयोग करा. ज्या अभियंत्याने तो चिकटवला, त्यालाच चार वर्षं वापरलेला, बॅटरी फुगलेला तो फोन द्या, एक हीट गन द्या, एक पिक द्या, आणि बाजूला फोनचा मालक उभा करा. किती मिनिटं लागतात ते मोजा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फोन उघडणारा एक

ता. क. बाईंचा तो फोन अजून माझ्या टेबलावर आहे. सुरू केला की दर वेळी डिस्प्ले ओळखीचा नसल्याची सूचना देतो, मी ती बोटाने बाजूला सारतो आणि तो गाणी लावतो, हिशेब ठेवतो, दिवसभर चालतो. बॅटरीची क्षमता ९६ टक्के दाखवतो आहे. त्याचा शेवटचा सुरक्षा अपडेट कधी आला होता ते पाहिलं, तर बाईंनी फोन माझ्याकडे आणण्याच्या अकरा महिने आधी.